खेळातला चोर

दिवाळीच्या सुट्टीत नात नागपूरहून आली ती एक खेळ घेऊनच. पत्ते नाहीत, पट नाही. वीस बाजूंचा एक फासा अन् कोरे कागद. ती राजे-राक्षसांची गोष्ट सांगणार आणि आपण त्या गोष्टीतला एक माणूस होऊन बोलायचं. मैत्रिणी कोणी नव्हत्या, म्हणून मला बसवलं. मीही बसले, दुपारी तशीही झोप येत नाही. सून तिथंच सुपात तांदूळ निवडत होती.

"आजी, तुझा माणूस कोण? जादूगार, शिपाई का चोर?"

"चोर," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

"मग त्याचा गुन्हा सांग. अन् घरचे कोण, तेबी. लिहा लागते."

राक्षसांच्या राज्यातली चोरी मला काय सुचणार? तोंडातून निघून गेलं, राजाच्या जंगलातलं सागवान. बंडीच्या आसाला तेल द्यायचं, बैलांच्या घंट्यांत चिंध्या कोंबायच्या, म्हणजे जंगल राखणाऱ्या नाकेदाराला आवाज जात नाही.

सुनेचा हात थांबला. "आई, तुम्हाले हे कसं माहीत?"

"ऐकलं होतं," मी म्हणाले.

माझं माहेर देवरीकडचं, जंगलाला लागून. मोठा भाऊ सागवानाच्या चोरीत जेलात गेला होता. माझं लग्न तेव्हा ठरायचं होतं. भाऊ दूर कुठं कामाला गेलाय, असं आईनं पाहुण्यांना सांगितलं, आणि सासरी चाळीस वर्षं मीही तेच सांगत आले. याहून मोठं म्हणजे, त्या चिंध्या मी कोंबल्या होत्या. बंडीमागं मीच चालत होते. नाकेदार दिसला तसा भाऊ म्हणाला, "पळ." मी धानातून पळाले, तो सापडला.

"घरचे कोण, आजी?"

"कोणी नाही."

"काऊन? आभाळातून पडला का तो?" नात हसली. "बरं, आता तू पकडल्या गेला. मी नाकेदार. बोल, तुझ्यासंगं कोण होतं?"

भावालाही हेच विचारलं होतं. मार खाऊनही तो एकच बोलला होता.

"एकटाच होतो," मी म्हणाले.

"खोटं बोलून राहिला! फासा टाक. दहाच्या वर आला तर मानीन."

मी फासा टाकला. पोरीचा खेळ तो, पण दहाच्या वर येऊ दे, एवढंच मनात.

चार आला.

"आता खरं सांगा लागते, आजी."

पुरे झाला खेळ, चहा ठेव, असं म्हणता आलं असतं. सून माझ्याकडंच पाहत होती.

"होती," मी म्हणाले. "बहीण होती."

"तिचं नाव?" नातीनं पेन उचललं.

"लिहू नको गे," सून तिला म्हणाली. सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकली. "आई, मामा दूर कामाले गेले म्हणता, ते जेलात होते ना? किती दिवस ठेवलं होतं?"

"आधी दार लोटून घे," मी म्हणाले.