तात्यांचा एक फोन

शनिवारी सूसहून निघताना आईने कागदावर नातं लिहून दिलं: तात्यांची थोरली चुलती आपल्या आत्याच्या सासरची. प्रवासाला लोक छत्री घेतात, मी सोयरीक घेऊन निघालो.

माझी बहीण नंदा ताम्हिणीजवळच्या एका गावात शाळेत शिकवते आणि तिथेच खोली घेऊन राहते. मेहुणे हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतात, त्यांच्या वेळांचा नेम नाही. त्यामुळे चार वर्षांची भाची आमच्याकडे असते आणि नंदाला भेटते ती फक्त रविवारी. नंदाने सूसजवळच्या शाळेसाठी बदलीचा अर्ज केला होता, तो कुठेतरी अडकला होता. तिच्या गावातल्या तात्यांनी एक फोन केला की कागद हलतात, असं कळलं होतं.

पौड मागे पडलं आणि धरणाचं पाणी झाडांतून दिसू लागलं. पुढे धुकं, बांध घातलेली भाताची खाचरं, आणि एका धाब्यावर झकास कांदाभजी. नंतर माझी स्कूटर खड्ड्यात आदळली आणि तात्यांसाठी घेतलेल्या डिकीतल्या पेढ्यांचा पार लगदा झाला.

नंदा तात्यांच्या अंगणात माझी वाट बघत होती. तात्या बाजेवर बसले होते.

"कुटलं पाव्हणं तुमी?"

मी सगळी वंशावळ पाठ म्हणून दाखवली. चुलतीपाशी पोचलो तसे ते उठून उभेच राहिले.

"अरं, मंग तुमी घरचंच की! आन् ह्या बाई तुमची भन? इतकी वर्सं हितं हाय, आन् आमाला पत्ता न्हाई!"

लगेच नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आला. या भागात काम हात धुतल्यावर सांगायचं असतं. मी हात धुतले आणि सांगितलं.

"सूसला?" तात्या म्हणाले. "घरची लेक कुनी लांब धाडतं व्हय?" आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "सायेब, त्या बाई आमच्या घरातल्या निगाल्या. त्यास्नी हितनं हलवू नगा."

मग नंदाकडे वळून म्हणाले, "आता घोर करू नगंस, पोरी. लेकीला हितंच आन. मागली खोली मोकळी हाय. जावयबापूंना बी बोलव."

त्यांची माया अगदी खरी होती, म्हणूनच ती नाकारता येत नव्हती. नंदा त्यांच्या पाया पडली. निघताना त्यांनी तांदळाची पिशवीही दिली.

नंदा माझ्यामागे बसून सूसला निघाली. मला स्वतःचाच संताप येत होता. ओळख निघाली नव्हती तोवर अर्ज निदान अडकलेला होता, मी नातं सांगून तो मोडीत काढला. पौड आलं तशी ती पुढे वाकली.

"दादा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी कुणा परक्याकडे जाऊ."

घरी भाची दारातच उभी होती. "आई, तुझी शाळा इकडे आली?"

नंदाने तिला उचलून घेतलं. "शाळा नाही गं आली. तिकडे एक आजोबा मिळाले."

मी तांदळाची पिशवी घेऊन आत गेलो. त्या दोघींकडे मला बघवेना.