मोसंबीचं ग्रीटिंग

जुन्या जालन्यातल्या चांगुणाबाई मुलगी बघायला निघाल्या की भावकी निर्धास्त व्हायची आणि मुलीकडचे देव पाण्यात घालून बसायचे. बाईंची नजरच तशी. पोह्यांची ताटली रिकामी झाली की आधी ती उलटी करून मागं कोणाचं नाव कोरलंय ते बघणार. शेजाऱ्याचं निघालं तर तिथल्या तिथं विचारणार, "भांडी उसनी, मंग बाकीचं काय काय उसनं?" पोहे मुलीनंच केलेत का, हे त्या चवीवरून ठरवत नसत, मुलीच्या नखांत हळद आहे का ते बघत. चारचौघं जायच्या आधी त्या एकट्याच पुढं जाऊन यायच्या, आणि "खोट हाय" म्हणाल्या की सोयरीक संपली. त्या मुलीला मग दुसरं स्थळ मिळणंही अवघड व्हायचं. लोक म्हणत, या बाईला देव भेटला तर ती आधी त्याचं आधार कार्ड मागेल.

आता हा स्वभाव काही जन्मापासूनचा नव्हता. त्यांना बघायला आलेला मुलगा उंचापुरा, हसरा होता. मांडवात अंतरपाट सरला तेव्हा समोर त्याचा धाकटा भाऊ उभा. मंगलाष्टकं झाली होती, अक्षता पडल्या होत्या. सगळा मांडव गप्प झाला आणि चांगुणाबाईंनी मुकाट्यानं हार घातला. नवरा तसा वाईट नव्हता, लवकर गेला एवढंच. पण दुधानं तोंड पोळलं ते पोळलंच, पुढं जन्मभर त्या ताकसुद्धा फुंकून प्यायल्या.

जगात एकाच माणसावर त्यांना कधी संशय आला नाही, तो म्हणजे भागवत, त्यांचा भाचा. भावजय गेल्यावर त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला. त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. लग्नाचं काढलं की तो "जल्दी कशाला आत्या?" म्हणायचा. बाईंना वाटायचं, पोरगं लाजाळू आहे. त्याला कोणी फसवू नये, एवढा एकच घोर त्यांना होता.

तर त्याच्यासाठीच त्या आष्टीला तातेरावांच्या घरी गेल्या. गाडी भागवतच चालवत होता. तातेरावांची पायल घरी बसून ग्रीटिंग कार्डं बनवायची आणि फोनवरून विकायची. बैठकीत फळीवर कार्डं मांडलेली होती. बाईंनी त्यातलं एक उचललं, उजेडात धरलं, कडांवरून बोट फिरवलं. कागदात कोरलेली फुलं इतकी नेटकी की एक पाकळीसुद्धा फाटलेली नव्हती.

"हे छापील हाय," बाई म्हणाल्या. "बाजारातून आणून मांडलंय."

तातेरावांचा चेहरा उतरला. "न्हाई हो ताई, पोरगी रात्रंदिवस तेच करून राह्यली."

"मंग करू दे आमच्यापुढं. आत्ता."

पायलनं एकवार भागवतकडं बघितलं आणि आत जाऊन सामान आणलं. जाड कागद ओला केला, त्यावर ब्रशनं पिवळा रंग सोडला. कडेला थोडा हिरवा लावला, तो आपोआप पिवळ्यात उतरत गेला. बाईंनी ओल्या रंगाला बोट लावून वास घेतला. मग पायलनं दुसरा पांढरा कागद घेतला आणि त्यावर डाय ठेवली. डाय म्हणजे धारदार पोलादी साचा, बिस्किटाच्या साच्यासारखाच. ती दोन प्लॅस्टिकच्या पाट्यांमध्ये धरून तिनं छोट्या मशीनच्या रुळांत सरकवली आणि दांडा फिरवला. मशीन करकरलं. बाईंनी खाली वाकून बघितलं, न जाणो, तयार माल आत लपवलेला असायचा. तिथं काही नव्हतं. कागदातून फोडींच्या आकाराचे तुकडे तेवढे गळून पडले. पायलनं तो कागद पिवळ्यावर चिकटवला, रबरी शिक्का हिरव्या शाईत बुडवून दोन पानं उमटवली आणि कार्ड बाईंच्या हातात दिलं. मधोमध चिरलेली मोसंबी होती ती. बघून तोंडाला पाणी सुटावं अशी.

बाई मनातून हरल्या, पण तोंडानं थोड्याच हरणार! "मोसंबी? फुलं-पाखरं सोडून मोसंबी कोण कुणाला पाठवतं गं?"

"एका गिऱ्हाइकानं मुद्दाम सांगून करून घेतल्ती, आत्याबाई," पायल म्हणाली. "आत लिहायला सांगितलं, 'प्रिय शालूस'. पार्सल जुन्या जालन्यात मोटारीच्या दुकानावर मागवलं. तुमच्या बायोडेटावर त्याच गिऱ्हाइकाचं नाव अन् तोच पत्ता दिसला. म्हणलं, माणूस एकदा समोर बसवून बघावा."

तातेराव ओरडले, "पायल!" चांगुणाबाईंनी मात्र मान वळवली. भागवतचे कान लाल झाले होते. हातातला चहा पँटवर सांडला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"खरं हाय का रं?"

भागवत गप्प. ही शांतता बाईंना ओळखीची होती, त्यांच्या लग्नाच्या मांडवात पडली होती तीच. फरक एवढाच, की या खेपेला फसवणारं घर त्यांचं होतं. दुसऱ्यांच्या ताटल्या उलट्या करता करता घरातल्या घरात अंधार राहिला होता.

अब्रू झाकायला एक वाट होती. "काम छापील हाय" एवढं म्हणून उठायचं. भावकीनं ते डोळे झाकून मानलं असतं, आणि या मुलीवर कायमचा शिक्का बसला असता. ते शब्द बाईंच्या जिभेवर आलेही. त्यांनी पायलकडं बघितलं. मुलीची बोटं रंगानं पिवळी झाली होती.

"तातेराव," बाई उठून म्हणाल्या, "पोरगी बावनकशी हाय. खोट आमच्यात हाय. कोणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांगा."

परतीच्या वाटेवर परतूर मागं पडलं. मग भागवतनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"शालू पिंपळगाव रेणुकाईची हाय," तो म्हणाला. "त्यांच्या मोसंबीच्या बागेत मोटर बसवायला गेल्तो. सोडचिठ्ठी झालेली हाय तिची."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुला?" भागवत हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "तिला एकदा नवऱ्यानं टाकलं. वरून तू भावकीत बसून 'खोट हाय' म्हणली असतीस, मंग ती कुठं गेली असती, आत्या?"

बाईंना रडू आलं. ज्याच्यासाठी जन्मभर जगावर पहारा केला, तो त्यांच्याच भीतीनं खोटं वागत होता. वाईट वाटलं, त्याहून जास्त लाज वाटली. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"उद्या घेऊन चल मला पिंपळगावला."

भागवतनं वळून त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ, नीट निरखून.

"कशाला?"

"पोरगी बघायला."

"खरंच बघायला, का मोडायला?"

"तुझी शपथ भागवत, बघायला."

त्यानं किल्ली फिरवून गाडी सुरू केली आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "आधी शालूला विचारतो. तिनं हो म्हणलं तर नेतो."

दुसरं कोणी असं बोललं असतं तर बाईंनी त्याची सालं काढली असती. पण भागवतच्या जागी त्या असत्या, तर त्यांनीही विश्वास ठेवला नसता.