हत्ती टेबलापाशी यायचा तेव्हा

बागेतल्या हत्तीच्या पोटात एक बाई आहे, हे वीस वर्षांत एकाही पाहुण्याला कळलं नाही. सगळी पोरं त्याला हत्तीदादा म्हणायची. आत आमची मावशी. उंचीने बेताची, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. पण एकदा ते हत्तीचं डोकं चढवलं की तोंडातून चकार शब्द नाही. पोशाखातल्या माणसाने बोलायचं नाही, हा आमच्या खेळांच्या बागेचा पहिला नियम.

मी तिचा हात धरून तिला जेवणघरात फिरवायचे. तेच माझं काम. तिला सोंडेखालच्या जाळीतून वीतभर दिसायचं, तेही फक्त समोरचं. म्हणून आमची हातांची भाषा ठरलेली होती. एकदा दाबलं की पायरी. दोनदा दाबलं की पायाशी लहान मूल. जोरात ओढलं की चल, पुढचं टेबल. एकूण सव्वीस टेबलं. पाहुणे जेवत असायचे आणि हत्ती एकेकाची विचारपूस करत हिंडायचा. मधे विश्रांतीला आतल्या खोलीत आलो की मावशी डोकं काढायची, घामाने निथळत नळीने पाणी प्यायची आणि सुटायची, “अगं, सहा नंबरच्या आजोबांनी माझ्या सोंडेत पाव कोंबला! घरी कोणी ‘जेवलीस का’ विचारत नाही, इथे बघ, आग्रह करकरून वाढतात.”

मुलीच्या सासरी तिने हे काम कधी सांगितलं नव्हतं. “पाहुण्यांची सरबराई करते म्हटलंय. खोटं आहे का?”

डोकं चढवण्याआधी ती डोळे मिटून हात जोडायची. तिचं बघून मीही जोडायला लागले. एकदा विचारलं, काय मागतेस गं रोज?

“कोणी पोर घाबरू नये. आणि गुडघे टिकावेत.”

पण पोरं घाबरायचीच. एवढं मोठं डोकं अंगावर चालून आलं तर मोठं माणूसही दचकेल. त्यावर मावशीची एक तऱ्हा होती. मूल रडायला लागलं की ती दोन हात लांब जाऊन खाली फरशीवर बसायची, त्याच्याकडे पाठ करून. नुसती बसायची. शेपूट मागे पसरलेलं. मूल आधी हुंदके देत बघायचं, मग गप्प व्हायचं, मग हळूच येऊन शेपूट ओढायचं. मावशी फक्त कान हलवायची. कधी पाच मिनिटं लागायची, कधी पंधरा. तोवर वाढपी ताटं सांभाळत कडेने जायचे आणि मनातल्या मनात आम्हाला शिव्या घालायचे.

मग साथ आली. बागेला दोन वर्षं कुलूप. पुन्हा उघडली तेव्हा हत्तीला कोपऱ्यात दोरीमागे उभं केलं होतं. पाहुण्यांनी रांगेने यायचं, लांबून फोटो काढायचा, आपलं ताट घेऊन टेबलावर जायचं. त्या दिवसांत ते योग्यच होतं, कोणी कुरकुर केली नाही. पण साथ गेली आणि दोरी राहिली. नवे साहेब म्हणाले, असं बरं पडतं, माणसं लवकर उठतात, बाहेरच्यांना जागा मिळते. साहेब वाईट नव्हते. उन्हात ताटकळणारी माणसं त्यांनाच बोलायची ना.

मावशीला मात्र ते लागलं होतं. एक दिवस ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “साहेब, एक रविवार द्या मला.”

साहेबांनी विचार केला. “ठीक आहे. दुपारच्या दोन तासांत सव्वीस टेबलं झाली पाहिजेत. झाली तर हत्ती पुन्हा टेबलापाशी जाईल. नाही झाली तर हा विषय परत काढायचा नाही.”

“कबूल.”

त्या रविवारी मी सकाळी घरी देवापुढे जरा जास्तच वेळ बसले. आणि मावशी काय चालली म्हणून सांगू! एवढ्या दिवसांनी टेबलं मिळाली होती. अठरा टेबलं झाली तरी चाळीस मिनिटं हातात होती. एकोणिसाव्यावर चारेक वर्षांची मुलगी होती. हत्ती दिसताच तिने किंकाळी फोडली आणि टेबलाखाली शिरली.

मी मावशीचा हात जोरात ओढला. ती हलेना. परत ओढला. तिने आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि मुलीकडे पाठ करून खाली बसली.

दाराशी साहेब घड्याळ बघत होते. मी देवाचं नाव घेत होते. दहा मिनिटं गेली. पंधरा झाली. मग टेबलाखालून एक हात आला, शेपटाला लागला, परत गेला. पुन्हा आला. शेवटी ती पोर बाहेर आली आणि हत्तीच्या पाठीला पाठ लावून आरामात बसली. तिची आई हसता हसता डोळे पुसत होती.

मावशीचे गुडघे सरळ होईनात. मी आणि त्या मुलीच्या आईने धरून उठवलं. बावीस टेबलं झाली, चार राहिली.

आतल्या खोलीत मी तिच्यावर तुटून पडले. “एक टेबल नुसता हात हलवून सोडलं असतंस तर सव्वीस झाली असती! जिंकलो असतो आपण!”

“आणि पुढच्या रविवारी कुठलं सोडलं असतं?” तिने तोंड पुसलं. “ती घरी जाऊन काय सांगणार होती? हत्ती आला, मी लपले, हत्ती गेला?”

तेवढ्यात साहेब आले. आवाज मऊच होता. “मावशी, जमलं नाही.”

“नाही जमलं, साहेब.”

मी त्या मुलीचं सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं.

सोमवारी दहा वाजता आम्ही दोरीमागे उभ्या होतो. अशी तीन वर्षं उभी राहून ती निवृत्त झाली. आता मुलीकडे असते. मी गेले की आधी बसायला सांगते आणि मग विचारते, “आज किती पोरं रडली गं?”

“एकही नाही, मावशी.”

खरंच सांगते, आता कोणी रडत नाही. रडू यावं इतकं जवळ हत्ती कोणाच्या जातच नाही.