पुंजाजीचे चकाचक हौद

साखऱ्याच्या पुंजाजीला गाव तोंडावर 'काका' म्हणायचं आणि पाठीमागं 'शेवाळ्या'. दोन्ही नावं त्याला ठाऊक होती आणि दोन्हींना तो सारखाच ओ द्यायचा. माणूस साठीचा, बोलायला कमी आणि हट्टाला पक्का. एका शेतकरी मेळाव्यात त्याला निळ्या-हिरव्या शेवाळाचं मूठभर विरजण मिळालं होतं. उथळ पाण्यात वाढवा, वाळवून रानात टाका, युरिया कमी लागेल, असं सांगणाऱ्यानं सांगितलं. मेळाव्याला शे-दोनशे माणूस होतं, पण ते खरं मानणारा हा एकटाच निघाला.

त्यानं विहिरीजवळ विटांचे चार उथळ हौद रचले, आत प्लास्टिक अंथरलं आणि तान्ह्या लेकरासारखं ते विरजण जपलं. कडक उन्हात वर लुगड्यांची सावली धरली. लुगडी अर्थातच बायकोची, मालनबाईची, आणि तिला न विचारता नेलेली. "सारा जलम मी रांजणाचं शेवाळ घासण्यात घातला," ती म्हणायची, "अन् ह्यो माणूस त्येच पेरून राहिला." हे वाक्य गावाला इतकं आवडलं की सेनगावच्या जीपमध्येही ते ऐकू यायचं.

तिसऱ्या वर्षी मात्र निम्म्या युरियावर पुंजाजीची हळद अशी तरारली की हसणारे बांधावर थांबू लागले. तालुक्याच्या कृषी अधिकारी ऐश्वर्या मॅडमचा निरोप आला की आखाडा बाळापूरकडचे चाळीस शेतकरी घेऊन बुधवारी शेवाळ बघायला येते. पुंजाजीचं दोन दिवस जेवणात लक्ष लागेना. चारचौघांसमोर आपण एकदा तरी खरं ठरावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

बुधवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन यायला तो सेनगावला गेला. मालनबाई चाळीस माणसांच्या भाकरीत गुंतली. आणि सरपंच अमृतराव सहज विहिरीकडं आले. गावात साहेब येणार म्हटलं की चुना मारायचा, झाडलोट करायची, ही साखऱ्याची जुनी रीत. हौदांवरची हिरवी साय बघून अमृतरावांना गावाची अब्रू जाताना दिसली. तीन वर्षांत तिथं न फिरकलेली पंधरा माणसं त्यांनी तासाभरात गोळा केली.

पुंजाजी मॅडमच्या जीपमधून उतरला, मागं शेतकऱ्यांची बस थांबली, तेव्हा हौद लख्ख होते. कडेनं रांगोळी, नितळ पाण्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि हवेत ब्लीचिंग पावडरचा वास. विरजणासकट सगळं गेलं होतं.

मॅडमनी चारही हौद पाहिले आणि शेवाळ कुठं आहे म्हणून विचारलं.

अमृतरावांनी हात जोडले. "म्याडम, एक कण ठेवला न्हाई."

चाळीस शेतकरी पुंजाजीकडं बघू लागले. खरं सांगितलं असतं तर अमृतरावांना तोंड लपवायला जागा उरली नसती, आणि तीन वर्षांच्या हसण्याची फिटंफाट झाली असती. रागानं त्याचे कान तापले होते. पण त्या पंधरा जणांचे हात घासून-घासून लालबुंद झालेले त्याला दिसले. त्याच्या कामाला गावाचा हात आज पहिल्यांदा लागला होता, आणि तो असा लागला होता.

"काढणी झाली, म्याडम," तो म्हणाला. "ह्या लोकायनंच केली. चला, हळद दावतो."

चाळीस जणांनी हळद पाहिली, माती मुठीत घेऊन पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. थोड्या पुंजाजीसाठी, बऱ्याचशा गावाच्या एकीसाठी. मॅडमना वासावरून सगळं कळलं असावं, कारण जेवणं उरकून जीपमध्ये बसताना त्या हळूच म्हणाल्या, नवं विरजण पाठवते, या खेपेला कुंपण घाला.

जीप आणि बस गेल्या. अमृतराव आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, काळजी करू नका. पुढल्या साली पाहुणे आले की आमी परत असंच साफ करून देऊ."

पुंजाजीनं मान हलवली आणि त्यांना जेवायला चला म्हणाला.