राजदीप गाडी मागे घेत नाही

राळेगावच्या नाक्यावर ट्रकवाले एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. कोणी 'ब्रेकफेल', कोणी 'टोचन', तर कोणी नुसताच 'मामा'. माझ्या गाडीवरच्या ड्रायव्हरला जवळजवळ वर्षभर सगळे 'वन-वे' म्हणायचे. त्याचं खरं नाव राजदीप, वय चोवीस. गाडी पुढे सुरेख न्यायचा, पण मागे घ्यायची म्हटलं की स्टेअरिंगवरचे हात मांडीवर ठेवून बसायचा. ट्रक मागे न घेणारा ड्रायव्हर म्हणजे पाण्यात न उतरणारी म्हैस. लोक हसणारच.

मी बळीराम. एकतीस वर्षं ट्रक चालवला. ही सहाचाकी माझी स्वतःची. साखरेनं डोळे खाल्ले म्हणून दोन वर्षांपूर्वी स्टेअरिंग सोडलं. सोडलं कसलं, सोडावं लागलं. नेमकं किती कमी दिसतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. नाक्यावर ज्याला तीस वर्षं उस्ताद म्हणतात, त्यानं 'मला समोरचं धूसर दिसतं' असं म्हणायचं कसं? माणूस म्हातारा होतो, ऐट होत नाही.

राजदीपला त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, माझ्या दारात आणून उभं केलं. "जयभीम भौ," ती म्हणाली, "ट्रॅक्टर चांगला चालवते पोरगा. लायसन बी काढलं मोठ्या गाडीचं. तुमच्या हाताखाली राह्यला तर माणसात येईन." पोरगा मागे उभा राहून हसत होता. मला हसरे ड्रायव्हर आवडत नाहीत. पण घरी बसून गाडी गंजवण्यापेक्षा बरं, म्हणून घेतला. क्लीनर ठेवला नाही. क्लीनरचं काम मीच करायचं ठरवलं, म्हणजे शेजारी बसून शिव्याही देता येतील.

शिव्या द्यायला त्यानं कमी पडू दिलं नाही. पहिल्याच आठवड्यात हँडब्रेक अर्धा ओढलेला ठेवून राळेगावहून कळंबपर्यंत गाडी आणली. चाकातून धूर निघायला लागला तर म्हणतो, "उस्ताद, धुकं पडून राह्यलं वाट्टे." भर दुपारी! दुसऱ्या आठवड्यात ताडपत्रीला ट्रॅक्टरवाल्याची गाठ मारली. ती अशी सुटली, की मागून येणाऱ्या एसटीच्या काचेवरच जाऊन बसली. एसटीच्या ड्रायव्हरनं राजदीपच्या सात पिढ्या काढल्या आणि यानं हात जोडून सगळ्या ऐकून घेतल्या. मग एका गावात कापूस उंच भरलेला असताना खाली लोंबणारी तार त्यानं पाहिली नाही. पिठाच्या चक्कीची लाइन तुटली. दळण घेऊन बसलेल्या बायांनी आम्हाला दोन तास गावाबाहेर जाऊ दिलं नाही. शेवटी राजदीपनंच वायरमनला फटफटीवर बसवून आणलं.

मी ओरडायचो, तो मान खाली घालायचा, आणि घरी गेला की प्रत्येक चुकीची नक्कल करून आईला हसवायचा. "तुमी शिव्या देता तसं बी करून दाखवते," रुखमाबाईनं मला सांगितलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. नवा ड्रायव्हर चुकतो, चुकत चुकतच हाताला वळण लागतं. मी स्वतः पहिल्या वर्षी एका लग्नाच्या मांडवात ट्रक घातला होता.

आता जानेवारीतली गोष्ट.

ट्रकच्या धंद्यात एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. मागे माणूस उभा असल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. तो माणूस गाडीच्या मागे बाजूला उभा राहतो, मागच्या दारावर, म्हणजे फाळक्यावर, थाप मारतो आणि 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो. त्या आवाजावर ड्रायव्हर बिनधास्त येतो. हात ड्रायव्हरचे असतात, डोळे त्या माणसाचे.

आम्ही एका जिनिंग मिलमध्ये सरकी भरायला गेलो होतो. आवारात कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली. गाडी मागे घेऊन सरकीच्या ढिगाला लावायची होती. मी फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेऊन बसलो होतो, तीसेक पावलांवर. राजदीपनं केबिनमधून डोकं काढून हाक मारली, "उस्ताद, मागं उभे राह्यता का?"

चहा गरम होता आणि गुडघे दुखत होते. मी बसल्या जागेवरून पाहिलं. गाडीच्या मागे मला काहीतरी तांबूस दिसलं, बारदानाच्या थप्पीसारखं, लांब आहेसं वाटलं. मी हात वर करून ओरडलो, "येऊ दे! कोणी नाही!"

ती थप्पी नव्हती. पुंडलिकराव नावाच्या शेतकऱ्यानं बंडी सोडून दोन्ही बैल तिच्या मागच्या बाजूला बांधले होते आणि तो वजनकाट्याच्या खिडकीशी पावती घ्यायला गेला होता. माझ्या शब्दावर राजदीप आला. गाडीचा फाळका आणि बंडी यांच्यामध्ये तांबडा बैल सापडला. त्याला बांधलेलं होतं, सरकता आलं नाही. मागचा भाग गेला. दुसरा बैल, बाशिंग्या, दोरी तोडून फाटकापर्यंत पळाला.

जनावराचा डॉक्टर आला, त्यानं पाहिलं आणि बॅगेतून सुई काढली. पुंडलिकराव बैलाच्या तोंडाशी बसून होता. बैल शांत झाल्यावर त्यानं त्याच्या शिंगाची दोरी सोडून घडी केली आणि खिशात ठेवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ओरडणारे दुसरे होतेच. पन्नास माणसं गोळा झाली. "मागं पाह्यलं काहून नाही बे? आंधळा हाय का?" राजदीप चाकाजवळ उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माही चूक झाली."

मी तिथेच होतो, चार हातांवर. मी काही बोललो नाही.

का बोललो नाही, याची पुष्कळ कारणं मी नंतर स्वतःला सांगितली. गर्दी तापलेली होती. पोरगा जवान आहे, त्याला चालून जाईल, माझं नाव जाईल. गाडी माझी, तेव्हा बैलाची भरपाई मीच करणार होतो, आणि ती केलीही, वेळेवर. पण ही सगळी कारणं झाली. खरं एवढंच, की मला लाज वाटली आणि मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी राजदीप कामावर आला. गाडी धुतली, हवा तपासली, चावी लावली. मला वाटलं, सावरला. सरकीच्या गोदामाशी पोचलो, मी या वेळी नीट मागे जाऊन उभा राहिलो, 'येऊ दे' म्हटलं. गाडी हलली नाही. पुढे जाऊन पाहिलं तर हा समोरच्या काचेकडे बघत बसलेला. हात मांडीवर.

"काय झालं बे?"

"कमरेत लचक भरली," म्हणाला.

ती लचक दहा महिने राहिली. तो गाडी अशी लावायचा की सरळ पुढे काढता यावी. चुकून वळण हुकलं तर दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन मोकळी जागा शोधायचा. गोदामाला लावायची वेळ आली की दुसऱ्या कोणा ड्रायव्हरला हात जोडायचा. ते गाडी लावून द्यायचे आणि जाताना 'वन-वे' म्हणून हसायचे. तो त्यावर रागावतही नसे. मी यवतमाळहून मागचा कॅमेरा आणून बसवला, समोर छोटा पडदा लावला. त्या पडद्यावर त्यानं गमछा वाळत घातला.

हसणं तर गेलंच होतं. रुखमाबाई म्हणाली, "भाकर वाढली तं खाते भौ, नाई वाढली तं मांगत नाई. म्या इचारलं, बाळा, दुखते का? तं म्हणते, काईच दुखत नाई."

मी खूप काही केलं. माझ्या चुका सांगितल्या, लग्नाच्या मांडवाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. शिव्या दिल्या. एकदा तर चिडून म्हणालो, "अबे बैल होता तो! माणूस नोता!" हे बोलताना माझाच आवाज मला परका वाटला. तो स्टेअरिंग पुसत होता. म्हणाला, "उस्ताद, मले रडू बी येत नाई. आलं असतं तं गेलं असतं. आतमंदी काई हालतच नाई. सुन्न झालं सारं."

मग म्हणाला, "दिवाळी झाली का मी सोडतो. चाकणले माहा मावसभाऊ हाय. कंपनीच्या गेटवर लावून देतो म्हणते. तिथं काई चालवा लागत नाई."

एवढ्या काळात त्यानं एकदाही म्हटलं नाही, की उस्ताद, तुम्हीच हात वर केला होता. नाक्यावर नाही, घरी आईजवळ नाही, मला एकट्यालाही नाही. त्यानं शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. मी मात्र त्याच्या शेजारच्या सीटवर बसून रोज सल्ले देत होतो.

दिवाळी झाली. कापूस घरात यायला लागला. व्यापाऱ्यानं फोन करून एका गावातल्या पाच-सहा घरांचा कापूस उचलायला सांगितलं. राजदीपची ती शेवटची फेरी होती. दोन दिवसांनी त्याची पुण्याची बस होती. यादीतलं शेवटचं नाव मी वाचलं आणि यादी खिशात घातली. पुंडलिकराव. त्याच्या बैलाला जोड मिळाली नव्हती, बंडी जुंपता येत नव्हती, म्हणून या वर्षी त्याचा कापूस ट्रकनं जाणार होता.

मी राजदीपला सांगितलं नाही. यातही माझी हिंमत झाली नाही, दुसरं काय.

पुंडलिकरावचं घर गल्लीच्या टोकाला. पुढे रस्ता बंद, वळायला जागा नाही. ट्रक न्यायचा तर सत्तर-ऐंशी पावलं उलटाच न्यावा लागणार. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. कापूस भरणाऱ्या बाया अंगणात उभ्या होत्या. अंगणातल्या निंबाखाली बाशिंग्या बांधलेला होता. घरातून पुंडलिकराव बाहेर आला, तेव्हा राजदीपनं त्याला पाहिलं.

त्यानं इंजिन बंद केलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि तोंड समोर केलं. पाच मिनिटं गेली. बायांची कुजबूज सुरू झाली.

"उतर," मी म्हटलं. "मी कोणाले तरी फोन करतो."

"कोणाले करता? कोणी नाई इथं," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, सपाट.

मी खाली उतरलो. काहीतरी करायचं म्हणून गाडीच्या मागे गेलो आणि सवयीनं फाळक्यावर हात ठेवला. पुंडलिकराव चालत माझ्याजवळ आला.

"तुमी नोका उभे राहू," तो म्हणाला. "तिकडं ओट्यावर बसा."

"काहून?"

"तुमाले दिसत नाई. त्या दिशी बी दिसलं नोतं."

मी फाळक्यावरचा हात काढला. तो म्हणाला, "काट्याची खिडकी टपरीले लागूनच हाय. तुमी हात वर केला, येऊ दे म्हटलं, कोणी नाई म्हटलं. मी सारं आयकलं. मी पावती टाकून पळालो तवर गाडी लागली होती."

"मंग तवा बोलले काहून नाई? एवढे लोक होते."

"मले वाटलं, तुमी बोलसान," पुंडलिकराव म्हणाला. "मंग वाटलं, उद्या बोलसान. त्या पोराच्या तोंडाकडं पाहून तरी बोलसान."

तो हे ओरडून बोलला नाही, पण गल्ली अरुंद होती. राजदीपनं खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं होतं. मी त्याच्याकडे वळलो. धूसर दिसणाऱ्या डोळ्यांना त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं, ते एक बरं होतं.

"राजदीप," मी म्हटलं, "मले दिसलं नोतं. मीच म्हटलं होतं. चूक माही होती."

मी ओट्यावर जाऊन बसलो. एका बाईनं पुंडलिकरावला विचारलं, "बैल सोडून बाजूले नेऊ का भाऊजी?"

"राहू दे," तो म्हणाला. "पोराले दिसते."

आणि तो बाशिंग्याच्या पुढ्यात, गाडीच्या वाटेत, जाऊन उभा राहिला. हात वर केला. "येऊ दे."

बराच वेळ काही झालं नाही. मग गिअर पडल्याचा आवाज आला. गाडी हातभर मागे आली आणि थांबली. "येऊ दे," पुंडलिकराव म्हणाला. पुन्हा हातभर. पुन्हा थांबली. सत्तर पावलं यायला पंधरा मिनिटं लागली असतील. ट्रक माझ्या गुडघ्यांपुढून सरकत गेला, तेव्हा राजदीप खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मागे बघत होता. त्याचं सगळं तोंड भिजलं होतं, नाक वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बस," पुंडलिकराव म्हणाला, आणि फाळक्यावर थाप मारली.

इंजिन बंद झालं. मग केबिनमधून रडणं ऐकू आलं, लहान पोर मार खाल्ल्यावर रडतं तसं मोठ्यानं. पुंडलिकराव दार उघडून पायरीवर चढला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मला उठून जावंसं वाटलं. पण मला बसायला सांगितलं होतं, आणि मी बसून राहिलो.