टंगस्टनचे चोवीस तुकडे

"सर, भोक पाडायच्या आधी मला अर्धा तास द्या," शांताक्का म्हणाल्या आणि ड्रिलिंग मशीनसमोरून हलल्याच नाहीत.

मशीनच्या टेबलावर टंगस्टन मिश्रधातूचे चोवीस तुकडे होते. विमानाच्या भागांना तोल देण्यासाठी असे तुकडे वापरतात. आकार काडेपेटीएवढा, पण वजन साडेतीनशे ग्रॅम. आमच्या क्षेत्रात नापास माल नुसता बाजूला ठेवून चालत नाही. चुकून कुणी वापरू नये म्हणून त्याला आरपार भोक पाडायचं. एकदा पाडलं की तो भंगार. आणि हे चोवीस तुकडे नापास करणारा मी होतो.

बेळगावातल्या त्या कारखान्यात मी क्वालिटी बघत होतो. शांताक्का आमच्या लॅब असिस्टंट. कंग्राळीच्या, घरची शेती. पीयूसी, म्हणजे बारावी, सायन्स करून लॅबमध्ये लागलेल्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती.

क्लायंट परदेशातला. ड्रॉइंगवर घनता घनइंचाला पौंडात दिलेली: कमीत कमी ०.६३०. आम्ही मोजतो घनसेंटीमीटरला ग्रॅममध्ये. मोजण्याची रीत सोपी आहे. तुकडा हवेत तोलायचा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलायचा. जेवढं वजन कमी भरतं, तेवढं त्याचं आकारमान. अक्कांच्या मोजणीत घनता आली १७.५. मी तो आकडा माझ्या एक्सेल शीटमध्ये घातला. पौंडात उत्तर आलं ०.६२५. नापास. मी लाल टॅग लिहिले. अक्कांची सही तेवढी राहिली होती.

"शीट काय म्हणतंय ते बघितलंत न्हवं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडी त्यांचीच भाषा यायची.

"बघितलं की. पर पयला पीस क्लायंटनंच पास करून धाडलाय. त्यो आणि ह्ये एकाच मालाचं."

तेवढ्यात मॅनेजर देसाई साहेब आले. मालाची गाडी चार वाजता निघणार होती. "क्वालिटीने रिजेक्ट केलंय ना? मग थांबलंय कशाला?"

"साहेब, मी सही केल्याली न्हाय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "अर्ध्या तासानं चुकीची ठरले तर करीन."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "देऊ या अर्धा तास." खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच आला होता.

लॅबमध्ये अक्कांनी कपाटातून तो पहिला पीस काढला. क्लायंटने स्वतःच्या लॅबमध्ये तपासून परत पाठवलेला, सोबत त्यांचा दाखला: ०.६३२. अक्कांनी पाण्याचं तापमान बघितलं, तुकड्याला चिकटलेला एक बारीक बुडबुडा ब्रशने काढला, काटा स्थिर होईपर्यंत थांबल्या. त्यांच्या हाताला घाई कधीच नसायची. उत्तर आलं १७.५.

"आता ह्यो आकडा तुमच्या शीटात घाला, सर."

मी घातला. ०.६२५. क्लायंटने पास केलेला पीस माझ्या शीटने नापास केला.

मी कागद घेतला. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, त्याचा घन १६.३८७. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. भागाकार केला तर २७.६८. शीटमध्ये भाजक होता २८. कधीतरी सोयीसाठी मीच तो पूर्णांक करून ठेवला होता. साडेसतराला २७.६८ ने भागलं. ०.६३२.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर आम्ही पोलादच मोजत होतो. पोलादाची घनता पौंडात आम्ही दोनच दशांश लिहायचो. २८ ने भागा नाहीतर २७.६८ ने, येणार ०.२८ च. टंगस्टन पोलादाच्या दुपटीहून जड, म्हणून चूकही दुपटीहून मोठी झाली, आणि इथे तिसरा दशांश पास-नापास ठरवत होता.

मी खाली जाऊन देसाई साहेबांना सांगितलं, "चूक मालात नाही, माझ्या शीटमध्ये आहे." ते ऑपरेटरला म्हणाले, "ड्रिल काढ." लाल टॅग मी माझ्या हाताने फाडले. अक्कांनी चोवीसही तुकड्यांचे आकडे नव्याने मांडायला लावले, एकेक वाचून बघितला आणि मग सही केली. गाडी चारऐवजी साडेपाचला निघाली.

"तुम्हाला शीट चुकलंय हे कळलं होतं?" मी नंतर विचारलं.

"न्हाय वो. मला एक्सेलातलं काय कळतंय? पर पाण्यातलं वजन मी सोता बघितलंतं."

तो सगळा लॉट क्लायंटकडे पास झाला. त्यानंतर आमच्या लॅबमध्ये अक्कांनी एक नियम घातला, आणि मी तो पुढे प्रत्येक नोकरीत पाळला. कोणत्याही नव्या शीटला आधी उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायचा. तिथे चुकलं, तर माहीत नसलेला विचारण्यात अर्थ नाही.