पेटीवरची बाई

पत्रकारितेत इतकी वर्षं घासली की छापलेल्या बातम्या विसरायला होतं. संपादकांनी कापलेला मजकूर मात्र डोक्यात साठत जातो. माझ्याकडे त्यातला निम्मा आमच्या शैलाताईंचा. ताई आमच्या रत्नागिरीच्याच, कला-इतिहासकार. पण अभ्यास देवळांचा नाही. लेबलं, पोस्टरं, काड्यापेट्यांचा. चित्र दिसलं की एकच प्रश्न, "हे काढलं कुणी?"

देवरूखला एका मंडळाने ताईंचं व्याख्यान ठेवलं. कार्यवाह म्हणाले, "आलाच आहात, तर बाहेरचा फलकही लिहून द्या!"

मी उखडलो. "डॉक्टरला बोलावून फरशी पुसायला लावता का?"

ताई व्याख्यानाच्या बॅनरकडे बघून म्हणाल्या, "हे काढलं कुणी?"

"कुणी नाही," कार्यवाह अभिमानाने म्हणाले, "कॉम्प्युटरने!"

आमच्या पेपरनेही तेच केलं. ताईंच्या लेखातल्या पोस्टरखालचं चित्रकाराचं नाव उडवलं. संपादक म्हणाले, "जाहिरातीला कसला चित्रकार?"

"मग अग्रलेखाला तरी लेखक कशाला?" मी विचारलं. पुढचा महिनाभर मला फक्त हवामान लिहायला दिलं!

बंदरावर एका होडीवर सुरेख मासा रंगवलेला. ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. होडीचा तांडेल सावध झाला. "का? काय चुकलं काय त्याचं? नाव नाय सांगणार मी."

"अहो, फार छान काढलाय."

"मग मीच काढलाय!"

ताईंचं पुस्तक मात्र एका लेबलापायी अडलं होतं. जुन्या आंब्याच्या पेट्यांवर हातात हापूस घेतलेली एक बाई असे. ही बाई मूळची परदेशी साबणाच्या वेष्टनावरची, हे ताईंनी शोधलं होतं. पण साबण काढून तिच्या हाती आंबा दिला कुणी? ते लेबल पुरं असं कुठेच मिळेना.

मिळालं हेदवीजवळ, एका बागायतदाराच्या घरी. देवघरात! काचेच्या फ्रेममध्ये, कपाळाला कुंकू, वर जास्वंद. चित्रकाराचं नाव खालच्या कडेला असतं. ती कड नेमकी फ्रेमच्या लाकडाखाली गेलेली.

मालक म्हणाला, "खोलू काय फ्रेम, मॅडम?"

ताईंच्या हातातल्या फोनवर साबणाच्या बाईचं चित्र उघडंच होतं. तेवढ्यात मालकाची आई काठी टेकत आली.

"बाय, तू शिकलेली. आमच्या सासूबायपासून पूजा चाललीय. ही कुठची देवी, एवढं तरी सांग."

मी पेन काढलं. ताईंनी फोन पर्समध्ये टाकला.

"आजी, हिला नैवेद्य काय दाखवता?"

"पहिल्या पेटीतला आंबा! दुसरं काय गो खाणार ती?"